मास्तरांनी स्वतःसाठी शिवलेला गणवेश

मित्रांनो, मी तुरुंगाच्या शिलाईखोलीतली एक जुनी मशीन आहे. तुरुंग म्हटलं की लगेच दचकू नका, मी काही गुन्हा केलेला नाही! कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. वाटलं होतं, एखाद्या झकपक दुकानात रेशमी झगे शिवीन. नशिबी आले कैद्यांचे करडे गणवेश. असो, काम ते काम.

पण हात तरी धड लाभावेत! कोणी पायडल उलटं मारायचा, कोणी दोरा ओढून तोडायचा आणि वर मलाच शिव्या घालायचा. माझा पारा चढला की मी खुशाल सुई मोडून घ्यायची.

मग मास्तर आले. बाहेर त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. भांडणात त्यांनी भागीदाराला ढकललं आणि त्याचा पाय मोडला. खटला उभा राहिला, पण पुढे सरकेना. जामीन राहायला ऐपतीचं कोणी नव्हतं, म्हणून मास्तर आत. निकाल न लागलेल्या अशा माणसाला इथे कच्चा कैदी म्हणतात. तो घरचेच कपडे घालतो, त्याला कामाची सक्ती नसते. शिक्षा लागली की तो पक्का. मग गणवेश आला आणि कामही आलं. मास्तर मात्र आपणहून हवालदारांकडे गेले. "साहेब, हात रिकामे असले की डोक्यात नको ते येतं. मशीनवर बसू द्या."

त्यांनी मला पुसलं, तेल घातलं, पट्टा आवळला. काय सांगू, मी पुन्हा तरुण झाले! ते माझ्याशी बोलायचेसुद्धा. एकदा म्हणाले, "आज लेक भेटायला आली होती. मी शिवलेला फ्रॉक होता अंगात. पायघोळ शिवला होता गं, आता गुडघ्याच्या वर गेलाय." मला फार वाईट वाटलं.

अखेर निकालाची तारीख उद्यावर आली. गुन्हा मास्तरांनी कबूल केलाच होता. हवालदार म्हणाले, "मास्तर, आत काढलेले दिवस जजबाईंनी शिक्षेत धरले तर ठीक. नाही धरले, तर उद्या तुमचा शिक्षेचा पहिला दिवस. तुमच्या मापाचा गणवेश नाहीये. शिवून ठेवा."

"गिऱ्हाईक भारी चिकित्सक आहे, नीट शिवायला हवं," मास्तर हसून म्हणाले. मला तो गणवेश शिवायचाच नव्हता. मी दोनदा दोरा तोडला. "अगं बाई, तू तरी छळू नकोस," ते पुटपुटले. मग मी मुकाट्यानं शिवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर कोर्टातून परतले. "दीड वर्ष," ते म्हणाले. हवालदारांनी जड हातानं गणवेश पुढे केला.

"तो राहू द्या साहेब." मास्तरांनी तो मागे सारला. "जजबाईंनी वकिलांना विचारलं, इतके दिवस यांना दार उघडं होतं का? ते म्हणाले, नाही. मग त्या म्हणाल्या, बंद दारामागचा दिवस शिक्षेचाच असतो, सगळे धरा. माझे तर दीड वर्षाच्या वर झालेत!"

"म्हणजे?"

"म्हणजे सुटकेचा कागद आला की घरी!"

काय तो गलका झाला! वरच्या दिवसांचं काय, असं माझ्या मनात आलंच. पण मास्तर इतके खुशीत होते की मी कुरकुर केली नाही.

पुढची गोष्ट हवालदारांनी खोलीत येऊन सांगितली. फाटकाबाहेर लेक आईचा हात धरून उभी होती. मास्तर दिसताच तिनं विचारलं, "बाबा, आज किती वेळ भेटायचं?" मास्तर खाली बसले आणि ढसाढसा रडले. म्हणाले, "आता भेट संपल्याची घंटा कोणी वाजवणार नाही, बाळा. घरी जाऊ."

मित्रांनो, घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला वेळेवर तेल घाला. आणि मोठेपणी कोणाला शिक्षा द्यायची पाळी तुमच्यावर आलीच, तर आधी विचारा, हा आत किती दिवस निकालाची वाट बघत बसलाय? ते दिवस त्याच्या आयुष्यातून आणि त्याच्या लेकराच्या आयुष्यातूनही गेलेले असतात. तेवढे तरी धरा.