डावी टाच, कोरडा खोकला

सरहद्दीच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर आत्याचा दवाखाना होता. दवाखाना कसला, पत्र्याची एक खोली, दोन बाकं आणि नर्सच्या कपड्यातली आत्या! कुंपणापलीकडून जीव मुठीत धरून आलेली माणसं आधी इथे टेकायची. सुट्टीच्या दिवशी त्यांची नोंद करायला भाची बसायची. तिचं तोंड मिटतच नसे, म्हणून आत्या तिला टकळी म्हणायची.

आत्याचा नियम एकच. वहीत नाव लिहायचं नाही, दुखणं लिहायचं. त्यामुळे वहीत ‘डावी टाच’, ‘कोरडा खोकला’, ‘आठवा महिना’ अशी मंडळी ओळीने नांदत होती.

औषधांचं खोकं दर आठवड्याला चौकीतून यायचं. त्या सकाळी ते घेऊन चौकीचा साहेब स्वतः आला, पण खोकं खाली ठेवेना. काखेत धरूनच त्याने वही उलटली.

“ही काय थट्टा? डाव्या टाचेला मी कुठे शोधू?”

“उजवीच्या शेजारी,” टकळी म्हणाली.

बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. आत्याने डोळे वटारले.

“आजपासून नाव, गाव, अंगठा,” साहेब म्हणाला. “यादी चौकीत आली की औषध मिळेल.”

झालं! माणसं उठून चपला शोधू लागली. एक बाई तेवढी हलली नाही. तिच्या मांडीवर दोन वर्षांची पोर तव्यासारखी तापली होती. आत्याने थर्मामीटर पाहिला. एकशे चार. आणि कपाटातली तापाची शेवटची बाटली कालच संपलेली.

“लिही बाळा,” बाई म्हणाली. “मी सांगते नाव. मग नेऊ देत मला परत पलीकडे.”

टकळीने पेन उचललं.

“तुमचं नको, मावशी.” कोरं पान काढून ती मोठ्याने बोलत लिहू लागली. “वेळ अकरा दहा. ताप एकशे चार. औषध हजर, पण दिलं नाही. साहेब, तुमचं नाव?”

“माझं कशाला?”

“नाव, गाव, अंगठा.”

“ए पोरी, हुकूम वरून आलाय!”

“मग वरच्यांचं सांगा. पान मोठं आहे, मावतील सगळे.”

चपला शोधणारे जागच्या जागी थांबले होते. साहेबाने त्यांच्याकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं. तेवढ्यात आत्याने पुढे होऊन खोकं दोन्ही हातांनी ओढलं. त्याने सोडलं की निसटलं, कोण जाणे!

“उद्या चार शिपाई घेऊन येतो,” म्हणत तो वही उचलून तरातरा निघून गेला.

तापलेल्या पोरीने औषधाचा पहिला चमचा आत्याच्या अंगावरच थुंकला. दुसरा गिळला.

“मोठ्यांशी असं बोलतात?” आत्या खेकसली. टकळीने मान खाली घातली. आत्याने पोरीच्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला.

“उद्या शाळा बुडव,” ती म्हणाली. “आणि येताना नवी वही आण.”