पांढऱ्या बाटलीतले पाणी

मित्रांनो, मी एक म्हातारी लाल मोटार आहे आणि माझ्या पोटात आता एकच खुर्ची उरली आहे. पूर्वी पाच माणसे बसत. मला हीटर नाही, रेडिओ नाही, मागची सीट नाही, आणि ओरडायला हॉर्नसुद्धा नाही. माझे नाक भिंतीवर आपटून कपाळात शिरलेले आहे. त्यामुळे मला बघून कोणी दचकले तर मी मनाला लावून घेत नाही. बुर्सा शहरातल्या गॅरेजच्या गल्लीत, रुस्तेम उस्तादच्या अंगणात मी पडून आहे. शेजारच्या कोंबड्या माझ्या पोटाखाली अंडी घालतात. माझा तेवढाच उपयोग आता उरला आहे.

याच शहरातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. तीन दारांची, बुटकी, अंगाने हलकी अशी मी होते. सूतगिरणीतल्या फिक्रेत नावाच्या फोरमनने मला आपल्या बायकोसाठी घेतले. तिचे नाव नेझाहत. ती नवऱ्या मुलींचे झगे शिवायची आणि स्वतः चालवत ते घरोघरी पोचवायची. माझ्या मागच्या सीटवर किती झगे आडवे झोपून गेले, त्याची गणती नाही. फिक्रेतने तिला माझ्याबद्दल एकच गोष्ट शिकवली. बोनेट उघडून त्याने कोपऱ्यातली पांढरी बाटली दाखवली आणि म्हणाला, “बाकी कशाला हात लावू नकोस. या पांढऱ्या बाटलीत पाणी घालत जा, म्हणजे काच धुता येईल.” नेझाहत इमानेइतबारे पाणी घालत राहिली. फिक्रेत वारला, तरी तिने ती बाटली कधी कोरडी पडू दिली नाही. मित्रांनो, या पांढऱ्या बाटलीची गोष्ट ध्यानात ठेवा.

फिक्रेत गेल्यावर मी जुनी झाले आणि जुन्या वस्तूंचे जे होते तेच माझे झाले. माझ्या टपावर तुतीची फळे पडून सडली. तोवर नेझाहतचा मुलगा आल्पाय मोठा झाला आणि त्याला वेगाचे वेड लागले. रस्त्यावरचा वेग नव्हे हो, खाडीकाठी मोटारी पळवायचा वळणावळणांचा ट्रॅक आहे, तिथला. त्याच्या मामाने, म्हणजे रुस्तेम उस्तादने, हे वेड आणखी चढवले. रुस्तेम हा नेझाहतचा धाकटा भाऊ. त्याला मूलबाळ नव्हते आणि भाच्यावर त्याचा जीव इतका, की आल्पायला शिंक आली तरी हा रुमाल शोधायचा.

“ताई, ही म्हातारी मला दे,” रुस्तेम म्हणाला. “जुनी आहे, पण हाड चांगलं आहे. नव्या गाड्या नुसत्या जाड्या. हिला मी अशी हलकी करतो की वळणावर मांजरासारखी वळेल.”

“आणि माझा पोरगा उलटला तर?”

“पिंजरा घालतो ना आत लोखंडी! तुझ्या पोराला घरच्यापेक्षा जास्त जपेन.”

त्याने मला जपले नाही, हे मी आधीच सांगून टाकते. त्याने मला सोलले. ज्या सीटवर झगे झोपायचे ती सीट उपटून अंगणात फेकली. गालिचा फाडला, दारांची अस्तरे काढली, तळाचे डांबर छिन्नीने तासले. हीटर गेला, रेडिओ गेला, मागच्या काचा जाऊन प्लास्टिक आले. काढलेली प्रत्येक वस्तू तो भाजीवाल्याकडून आणलेल्या तराजूत टाकायचा आणि आनंदाने ओरडायचा, “उतरली बघ चरबी!” हॉर्न काढला तेव्हाही तो असाच ओरडला. काचेवर पाणी मारायची बाटली काढली तेव्हा म्हणाला, “ट्रॅकवर काय काच धुवायची? जोरात गेलं की वारा धुतो.”

आरशाला नेझाहतने दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी बांधला होता. रुस्तेमने तोही सोडवून तराजूत टाकला. नेझाहत दारातच उभी होती.

“दोन चमचे साखरेएवढा भरला, ताई. तेवढंच ओझं कमी.”

“त्यात तुझा मेंदूही टाकून बघ. काटा हलायचा नाही.”

आल्पाय खो खो हसला. नेझाहत हसली नाही. तिने मणी मुठीत घेतला आणि निघून गेली. त्या दिवशी तिने मनाशी ठरवले असावे, की यापुढे या दोघांना न सांगताच जे करायचे ते करायचे.

पण खरे सांगू? ट्रॅकवर गेले आणि मी सारे दुखणे विसरले. रुंद मऊ टायर, कडक स्प्रिंगा, नवे ब्रेक पॅड, आणि आत माझ्यावर जीव टाकणारा पोरगा. मोठमोठ्या मोटारी सरळ रस्त्यावर मला मागे टाकत आणि वळणावर मी त्यांच्या नाकाखालून निसटत असे. लोक कुंपणाला चिकटून विचारत, “ही कोणाची म्हातारी?” तेव्हा रुस्तेम छाती फुगवून सांगे, “आमची!” परत आलो की तो मला चौकटीवर चढवी. इंजिनचे तेल गरम असतानाच सोडी, पॅड काढून जाडी बघी, चाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघी. प्रत्येक नट आवळला की त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढी, म्हणजे नट फिरला तर रेघ मोडलेली दिसे. ब्रेकच्या तेलाबाबत तर तो फारच हट्टी. “हे तेल हवेतलं पाणी पितं,” तो आल्पायला सांगे, “आणि तापलं की ते पाणी उकळतं. उकळलं की वाफ. आणि वाफेवर गाडी थांबत नसते, बाळा.” म्हणून दर वेळी नवा सीलबंद डबा फोडायचा, आणि काम झाले की उरलेले तेल फेकून द्यायचे. लोक त्याला उधळ्या म्हणत.

मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. रुस्तेमने नवा डबा फोडला, ब्रेकच्या बाटलीतले जुने तेल पिचकारीने ओढून काढले, नवे भरले. मशिदीतून अजान झाली. त्याने डब्याचे झाकण लावले, हात धुतले आणि मामा-भाचे नमाजाला गेले. माझे बोनेट उघडेच होते.

गल्लीत पुरुष उरला नाही तेव्हा नेझाहत आली. तिच्या ओढणीआड एक छोटी बाटली होती. टेकडीवरच्या दर्ग्यातून दुवा फुंकून आणलेले पाणी. आजाऱ्याला पाजतात, नव्या घराच्या उंबऱ्यावर शिंपडतात, तेच. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि पुटपुटली, “माझ्या पोराला सुखरूप आण ग बाई.” मग वाकून ती पांढरी बाटली शोधू लागली. कोपऱ्यातली बाटली नव्हती. पण दुसऱ्या बाजूला, जरा वर, एक लहान पांढरी बाटली होती. भावाने जागा बदलली असेल, असे तिला वाटले. तिने झाकण फिरवले आणि दोन घोट पाणी आत ओतले.

ती ब्रेकच्या तेलाची बाटली होती, मित्रांनो. हॉर्न असता तरी मी आपण होऊन वाजले नसते, हे मला कळते. तरी त्या क्षणी मला हॉर्नची फार आठवण झाली.

नमाजाहून आल्यावर दोघांनी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. आल्पाय आत बसून पेडल दाबी, रुस्तेम चाकाशी पाना घेऊन बसे.

“दाब!”

“दाबलं!”

“धर तसंच. हं, सोड. अरे हळू, मामाच्या डोळ्यात तेल घालतोस काय?”

“तुमच्या डोळ्यांत तेल घातलेलंच असतं मामा, सगळी गल्ली म्हणते!”

असे हसत हसत आईचे पाणी मुलाने आपल्या पायाने ढकलले आणि मामाने आपल्या हाताने चारही चाकांपर्यंत नेले. त्याने काम जितके मन लावून केले, तितके ते पाणी खोल गेले. पेडल दगडासारखे टणक लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना नेझाहतने रीतीप्रमाणे आमच्या मागे तांब्याभर पाणी ओतले. “पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये!”

सुरुवातीच्या फेऱ्या झकास झाल्या. मग चाकांमागच्या ब्रेकच्या डिस्क तापून लाल झाल्या. खाडीकडच्या वळणाआधी लांब सरळ रस्ता आहे, तिथे आल्पायने नेहमीच्या खुणेशी ब्रेक दाबला आणि पाय लोण्यात जावा तसा तळापर्यंत गेला. त्याने पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. “थांब ना!” तो मला म्हणाला. तो माझ्याशी शेवटचे बोलला ते हेच. मग आम्ही भिंतीवर आदळलो. पिंजऱ्याने त्याचे डोके वाचवले, पट्ट्यांनी छाती वाचवली. पाय मात्र ब्रेकवरच होता, आणि मी तिथेच चेपले. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

रुस्तेमने मला अंगणात आणून माझा नट न् नट तपासला. पांढरी रेघ एकही मोडलेली नव्हती. मग त्याने चाकाशी तेल काढून चमच्यात घेतले आणि चमचा दिव्यावर धरला. ते लगेच बुडबुडले. तो तसाच जमिनीवर बसला. विचार करकरून त्याला एकच कारण सापडले, की शुक्रवारी नमाजाच्या घाईत आपण डबा उघडा ठेवला असणार. त्याने आपलीच चूक शोधली, दुसऱ्या कोणाकडे त्याने बघितलेसुद्धा नाही.

आल्पाय इस्पितळातून सुटला आणि कुबड्यांवर आईबरोबर अंगणात आला. रुस्तेम उभा राहिला. त्याने टोपी हातात घेतली होती.

“ताई, ब्रेकच्या तेलात पाणी होतं,” तो म्हणाला. “ती पांढरी बाटली भरली तेव्हा डबा माझ्याकडून उघडा राहिला असेल. दुसरं काही नाही. माझीच चूक.”

नेझाहतची मान माझ्याकडे वळली. चेपलेल्या बोनेटच्या फटीतून ती पांढरी बाटली दिसत होती. तिला कळले. मी तिचा चेहरा रोज आरशात पाहिलेला, मला फसवणे सोपे नाही. तिचे ओठ उघडले.

“ज्याच्या हातून हे झालं,” आल्पाय म्हणाला, “त्याचं तोंड मला मरेपर्यंत बघायचं नाही.”

नेझाहतचे ओठ मिटले. मग ते पुन्हा उघडले, पण आता त्यांतून दुसरेच आले. “तुझे हात झडोत, रुस्तेम.” एवढे बोलून तिने मुलाला आधार दिला आणि त्याला घेऊन गेली.

रुस्तेमने त्यानंतर ब्रेकला हात लावला नाही. ज्याने ब्रेक सोडले त्याच्याकडे कोण येणार? सायलेंसरला डाग लाव, टायरचे पंक्चर काढ, असल्या कामांवर तो म्हातारा झाला. ईदला तो बहिणीकडे बकलावा मिठाईचा डबा पाठवी, तो न उघडता परत येई. एका शुक्रवारी तो मशिदीत असताना नेझाहत एकटी आली. माझ्या तुटक्या आरशाला तिने तो निळा मणी बांधला, जरा वेळ रडली आणि त्याच्या पावलांचा आवाज येण्याआधी गेली. रुस्तेमने मणी पाहिला. त्याला वाटले, ताईचा राग उतरतो आहे. तेव्हापासून दर शुक्रवारी तो नमाजाहून येताना चहाचे दोन पेले आणायचा आणि दुसरा पेला माझ्या टपावर ठेवायचा. तो पेला दर वेळी गार व्हायचा. नेझाहत पुन्हा आली नाही.

गेल्या हिवाळ्यात रुस्तेम वारला. आमच्याकडे दफनाआधी मयत त्याच्या दाराशी आणतात आणि जमलेल्यांना विचारतात. त्याची पेटी माझ्यासमोरच ठेवली होती. इमाम म्हणाला, “या माणसाकडून तुमचं काही दुखलं-खुपलं असेल, तर त्याला माफ करता का?” गल्ली म्हणाली, “माफ केलं.” असे तीनदा विचारायचे असते. आल्पाय लाकडी पायावर उभा होता. दोनदा तो गप्प राहिला. मागे बायकांत उभ्या असलेल्या नेझाहतने हाक मारली.

“माफ कर रे बाळा. मेलेल्यावर राग धरू नये.”

आल्पायने मान खाली घातली. “माफ केलं.”

मग तीही पुढे झाली आणि पेटीकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “मीही तुला माफ केलं, रुस्तेम.” बायका हळहळल्या. एक जण म्हणाली, “पोराचा पाय गेला, तरी बघा बाईचं मन किती मोठं!”

आता भंगारवाला येऊन माझे माप घेऊन गेला आहे. मला पुसा, रंगवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझी निगा त्या उधळ्या माणसाने राखली, तशी कोणाची कोणी राखत नाही. तुमच्यापैकी कोणी बुर्साला आले, तर माझे एवढेच काम करा. आल्पायला शोधा आणि त्याला सांगा, की त्या शुक्रवारी मामाने डब्याचे झाकण गच्च लावले होते.