पाखऱ्याचे मुसके

मी एक जुने मुसके आहे. अंबाडीच्या वाखाचे, जाळीदार, बैलाच्या तोंडाला बांधायचे. मित्रांनो, मला कुणी मिरवत नाही. पोळ्याच्या दिवशी घुंगरमाळांचा थाट असतो आणि मी कुठेतरी कोपऱ्यात पडलेले असते. त्याचे मला काही वाटत नाही. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

पुसेगावजवळच्या एका खेड्यात किसनरावांनी मला विणले. तेव्हा निजामाचे राज्य होते. किसनराव बैलांचे पारखी म्हणून नावाजलेले. हिंगोलीच्या बाजारात बैल घ्यायचा, तर लोक आधी त्यांना सोबत नेत. त्यांच्या पाखऱ्या नावाच्या बैलाच्या तोंडावर मी चांगले बसले. कोळपणीत उभे पीक त्याच्या तोंडी लागू नये, एवढेच माझे काम.

किसनरावांचा मुलगा माणिक नागपूरकडच्या शेतकी कॉलेजात शिकत होता. पाखऱ्याला वासरू असल्यापासून त्यानेच वाढवलेले. त्या आषाढात तो सुट्टीवर आला, तेव्हा पावसाने ताण दिला होता. वीतभर ज्वारी सुकून चालली होती. किसनराव विहिरीवर पाणी प्यायला गेले आणि माणिकच्या हाती कोळपे आले.

"हिरवा घास डोळ्यापुढं, आन् तोंड बांधलेलं," तो पाखऱ्याला म्हणाला आणि त्याने मला सोडून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, टाकले.

मला बरे वाटले. तोंडे बंद करण्याचा मलाही कंटाळा आला होता. पाखऱ्याने भराभर ज्वारी ओरपली. पावसाने ओढ दिली की कोवळ्या ज्वारीत विष उतरते. आमच्याकडे त्याला किराळ म्हणतात. माणिकने ते लहानपणी ऐकले होते, पण पुस्तकात नव्हते म्हणून त्याने मनावर घेतले नव्हते. थोड्याच वेळात पाखऱ्या थरथरला, तोंडाला फेस आला आणि जू ओढत खाली कोसळला. किसनराव धावत येईपर्यंत सगळे संपले होते.

शेजारच्या शेतातला महेबूब आला. "मुसकं काहून न्हवतं, किसनराव?"

माणिक उभा होता. त्याची नजर धुऱ्यावर पडलेल्या माझ्याकडे गेली. किसनरावांनी एकदा त्याच्याकडे पाहिले.

"मीच इसरलो," ते म्हणाले.

मित्रांनो, शिकलेल्या पोराचे हसे होऊ नये म्हणून बापाने आपले नाव घालवले. त्यानंतर बाजाराला जाताना त्यांना कुणी बोलावेना. रस्त्यात दिसले की टवाळखोर विचारत, "मुसकं घेतलं का?" किसनराव हसून पुढे जात. माणिकने ते घरात बसून ऐकले. सुट्टी संपल्यावर त्याने मला पेटीत घातले आणि तो निजामाच्या हद्दीवरचा कनेरगावचा नाका ओलांडून निघून गेला.

पुढे तो माणिकराव झाला, प्राध्यापक झाला. जनावरांच्या चाऱ्यावर त्याने संशोधन केले, आणि त्यातही ज्वारीच्या विषावर. पीक केवढे असताना ते वाढते, चारा वाळवल्यावर किती उतरते, हे त्याने शोधून काढले. लोकांनी शाबासकी दिली. मी त्याच्या खुर्चीमागे खुंटीला टांगलेले असे. विद्यार्थी विचारत, "सर, हे काय?" तो म्हणे, "गावाकडची आठवण." माझी मान शरमेने खाली जाई. मुसक्याला मान नसते म्हणा, पण जाई.

अठ्ठेचाळीस सालच्या हिवाळ्यात, निजामाचे राज्य गेल्यावर, त्याला पुसेगावात भाषणाला बोलावले. मला पिशवीत घालून तो आला. आज सगळे सांगायचे, असे वाटेत बैलगाडीत तो पुटपुटत होता. शाळेसमोर माणसे जमली होती. मागच्या ओळीत थकलेले किसनराव बसले होते. किराळीबद्दल माणिकराव छान बोलला. मग महेबूबने मागे वळून थट्टा केली, "आयकलं का किसनराव? लेकाकडून शिका आता."

सगळे हसले. माणिकरावाने मला पिशवीतून काढून वर धरले. "त्या दिवशी हे मुसकं ज्यानं सोडलं, तो..."

"मी," किसनराव उठून म्हणाले. "म्हाईत हाय सगळ्यांना. तू म्होरं सांग, लेकरा."

पुन्हा हशा पिकला. माणिकरावाचे तोंड उघडे होते. मी देवाला विनवत होते, बोल रे, आता तरी बोल. त्याने मला टेबलावर ठेवले आणि चारा कसा वाळवायचा ते तो सांगू लागला.

मला पुन्हा पिशवीत घालून माणिकराव निघाला, तेव्हा किसनराव गाडीपर्यंत आले. "बराबर बोलला तू," ते म्हणाले. माणिकराव त्यांच्या पाया पडला आणि बराच वेळ उठला नाही. त्यानंतर बाप-लेकांची भेट झाली नाही. होळीच्या आधीच किसनराव गेले. गावात आजही पाखऱ्याचे नाव निघाले की लोक त्यांनाच हसतात.

मित्रांनो, कोळपणीला बैलाच्या तोंडाला मला जरूर बांधा. त्याने त्याचा जीव वाचतो. काम झाले की झटकून खुंटीला टांगा. पण माणसाच्या तोंडावर मला कधी चढवू नका. बैलाच्या तोंडाचे मुसके त्याचा धनी सोडतो, माणसाच्या तोंडाचे सोडायला दुसरा कुणी येत नाही.