दुमडीतली चार बोटं

शाळेसमोरच्या शिंपीणबाईंचा एक नेम होता. पोर कुणाचंही असो, गणवेशाच्या दुमडीत चार बोटं कापड जास्तीचं ठेवायचंच. "वाढवणारा तो वरचा. आपण फक्त जागा करून ठेवायची," असं म्हणायच्या.

स्वतःच्या लेकीचा, ठकीचा, नवा फ्रॉकही तसाच शिवला, सुट्टी लागायच्या आधी. सुट्टीत तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ठकी गेली. फ्रॉक खुंटीवरच राहिला, कडक इस्त्रीचा.

आज शाळा उघडली. रस्ता निळ्या कपड्यांनी भरून वाहत होता. शिंपीणबाई दारात खिळल्यासारख्या उभ्या होत्या. तेवढ्यात एक बाई मुलीला ओढत, धापा टाकत आली.

"काकू, नवीनच राहायला आलोय हो. आजच नाव घातलं. गणवेशाशिवाय आत घेत नाहीत. एखादा तयार असेल तर..."

"तो आहे की!" मुलीनं खुंटीकडे बोट केलं.

"तो द्यायचा नाहीये," मशीनवरून नवऱ्याचा आवाज आला.

"घेऊ दे हो तिला," शिंपीणबाई नवऱ्याला म्हणाल्या. "खुंटीला का शाळा शिकवायचीय? एकदा तरी फाटकातून आत जाऊ दे त्याला. मला बघायचंय."

मुलीनं फ्रॉक चढवला. गुडघ्याच्या चांगला चार बोटं वर!

"अगंबाई! आमची ही शिडी मेली," आई हसली. "खाली उसवता येईल का? कापड दिसतंय भरपूर."

शिंपीणबाईंनी पातं घेतलं. दोन वर्षांची वाढ होती ती, ठकीची. टाका टाका तुटत गेला. दोन वर्षं दोन मिनिटांत संपली. जुन्या दुमडीची रेघ तेवढी कापडावर उरली.

'बरं झालं,' त्यांना वाटलं. 'रेघेवरून लांबूनही ओळखेन.'

घंटा झाली. त्या अनवाणीच फाटकाशी धावल्या. पोरी पाठमोऱ्या रांगेत उभ्या होत्या. त्यांनी पहिल्या रांगेत रेघ शोधली, ती दिसली. शेजारच्या फ्रॉकवरही होती. मागच्याही. सुट्टीत घरोघरी आयांनी गेल्या वर्षीच्या दुमडी उसवल्या होत्या. शिंपीणबाईंनीच ठेवलेली चार-चार बोटं, घराघरांतून खाली उतरलेली.

प्रार्थना संपली. रांगा वर्गांत शिरल्या, मैदान रिकामं झालं, तरी त्या गजांना धरून उभ्याच होत्या.

परतल्यावर नवऱ्यानं मान वर न करता विचारलं, "दिसला का गं?"

"सगळ्याच वाढल्यात हो," त्या म्हणाल्या, आणि जमिनीवर पडलेले दोऱ्याचे तुकडे वेचायला बसल्या.