टाकी लावलेले दगड

"हे तुझं पीठ तुलाच ठेव आणि आमचे दाणे दे," म्हणत शिंपीणबाईंनी डबा गिरणीच्या उंबऱ्यावर आदळला.

गिरणीवाली मोटरचा पट्टा चढवत होती, तिचे हात तिथेच थांबले. तिने चिमूटभर पीठ जिभेवर ठेवले. दाताखाली कचकच लागली. शिंपीणबाईंच्या मागून रस्त्याने आणखी डबे येताना दिसत होते.

चूक तिचीच होती. गिरणीचे दगड झिजून गुळगुळीत झाले होते, पीठ तापून बाहेर पडत होते आणि दगडांना टाकी लावून नव्या खाचा पाडणारा कारागीर 'उद्या येतो, परवा येतो' करत तिला झुलवत होता. तो वरच्या आळीतल्या जुन्या गिरणीमालकाचा मेहुणा. त्याचा उद्या कधी उजाडणार, हे शेंबडे पोरही सांगू शकले असते. शेवटी तिने स्वतःच छिन्नी-हातोडी हातात घेतली. वीटभट्टीवर उमेदीची वर्षे काढलेली बाई, दगडाला काय भिणार? खाचा सुरेख पडल्या. पण टाकी लावल्यावर आधी टाकाऊ धान्य दळून दगडाची भुकटी काढून टाकायची असते, हे तिला कुणी सांगितले नव्हते. कारागीर ते उरकायचा, तेव्हा ती बाहेर डबे उतरवून घेत असायची.

गिरणी पाच बायकांच्या गटाच्या कर्जावर उभी होती. हमी एकमेकींची. एकीचा हप्ता थकला की बाकी चौघींच्या पदराला खार. गिऱ्हाईक वरच्या आळीला वळले तर गिरणी जाणार, चौघी हकनाक भरडल्या जाणार आणि हिच्या डोक्यावर पुन्हा विटा.

"मी सही केली ती तुझ्या हातांवर भरवसा ठेवून," शिंपीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. गटात त्याही होत्या. "आता घरी काय सांगू?"

"चूक माझी आहे म्हणून सांगा. ज्याचं जेवढं पीठ, तेवढे दाणे संध्याकाळच्या आत घरपोच येतील."

बोलून गेली खरी, पण दाणे होते घरच्या कोठीत आणि कोठीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. सासूबाईंचे आणि कर्जाचे हाडवैर. गिरणी आली त्या दिवसापासून त्यांनी तिच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवले नव्हते. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हे त्या येता-जाता भिंतीला ऐकवायच्या. भिंतीच्या अलीकडे सून असायची, हा निव्वळ योगायोग.

सुनेने काही न लपवता सगळे सांगितले आणि मान खाली घालून उभी राहिली.

"तुझ्या सासऱ्यानं उभ्या जन्मात कधी चूक कबूल केली नाही," म्हातारी म्हणाली. "माझा लेक गेला बिचारा, त्यानंही नाही. तू भर रस्त्यात केलीस?"

"केली, आई."

म्हातारीने कमरेची किल्ली सोडली. "चल, पोतं उचल. अर्धं माझ्या डोक्यावर दे."

दोघी दारोदार फिरल्या. सून तोंड उघडायच्या आत सासूच बोलून मोकळी व्हायची. सुनेच्या हातून चुकले, हे तुमचे दाणे, उद्या दळायला आणा, आधी मी खाऊन दाखवते. रात्री सुनेने टाकाऊ धान्य दळून दगडांची भुकटी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी म्हातारी खरोखरच गिरणीत येऊन बसली आणि प्रत्येक डब्यातले पीठ चाखून मान डोलवू लागली. दुपारपर्यंत तिच्या ओठांवर पिठाच्या पांढऱ्या मिशा उमटल्या, पण हसायची कुणाची प्राज्ञा नव्हती. कचेचे पीठ कोंबड्यांनी फस्त केले. त्यांना खड्यांचे वावडे नसते. पुढच्या सुगीपर्यंत सासू-सुना अर्धपोटी जेवल्या, ते मात्र आळीत कुणाला कळले नाही.

गिऱ्हाईक परतले आणि वाढलेही. पीठ गार आणि मऊ पडते, अशी कीर्ती वरच्या आळीपर्यंत गेली. यथावकाश पाचही जणींचे कर्ज फिटले.

एके सकाळी हातगाडीवर दोन दगड लादून स्वतः जुने गिरणीमालक आले. मेहुण्याने गाव सोडले होते. मालकांनी घसा खाकरला. "बाई, तुम्ही म्हणे स्वतःच टाकी लावता. आमच्या दगडांचं तेवढं बघाल का?"

गिरणीवाली धान्य ओतत होती. उत्तर दिले ते स्टुलावरच्या म्हातारीने.

"दगड उतरवून त्या डब्यांच्या मागं ठेवा. पाळी आली की मालकीण हाक मारेल."

मालकीण. हा शब्द म्हातारीच्या तोंडून सुनेने पहिल्यांदाच ऐकला. भरलेले डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून तिने मान वर केली नाही, धान्य ओतत राहिली. गिरणीमालकांनी इकडेतिकडे पाहिले, दगड उतरवले आणि शिंपीणबाईंच्या मागे रांगेत उभे राहिले.