संडासाच्या दारावरची पेटी

पाणी प्या म्हटलं, एवढ्यावरून माझी थोरली जाऊ त्या दिवशी माझ्यावर खेकसली.

टोमॅटोच्या शेडमध्ये दुपारी पत्रा असा तापतो, की डोक्यावर तवा धरून उभं राहिल्यासारखं वाटतं. सगळ्या बायका माठाभोवती गोळा झाल्या होत्या आणि ही आपली सरकत्या पट्ट्यापाशीच खांबासारखी उभी. ओठांना पापडी धरलेली.

"अक्का, दोन घोट तरी घ्या."

"तहान नाही मला."

"सकाळपासून बघते, थेंब घेतला नाही तुम्ही."

"तू टोमॅटो बघ. माझं तोंड काय बघतेस?"

आमच्या चुली वेगळ्या, पण मधली भिंत एकच. तिच्याकडे फोडणी पडली की ठसका मला लागतो. भांडण आम्हाला जेवणासारखं लागतं, वेळच्या वेळी. पण हे भांडण त्यातलं नव्हतं. अक्काला साखरेचा आजार आहे. ही गोष्ट गावात डॉक्टरला आणि मला, दोघांनाच माहीत. डॉक्टरने बजावलं होतं, काही झालं तरी पाणी तोडायचं नाही. आता पाणी प्यायलं की जावं लागतं, त्यात डॉक्टरचा काय दोष? आणि जाण्याचीच तर शेडमध्ये चोरी झाली होती.

परवाच मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मावशी, काल सात वेळा उठलात. मालक विचारतात, बाईला कामाला ठेवलीय का फिरायला? आणखी आठवडाभर बघणार. जी जास्त उठेल तिला घरी बसवणार."

अक्काचा दीर, म्हणजे माझा नवरा, तिला काही उपाशी ठेवणार नाही. पण थोरले गेल्यापासून तिने कुणाचा घास खाल्लेला नाही. शेडचं काम सुटलं की तिला आमच्या चुलीवर जेवावं लागणार, आणि तेवढं टाळण्यासाठी ही बाई पाण्यावाचून मरायलाही तयार होती. मला राग तिचा येत होता आणि पोटात तुटत होतं तेही तिच्यासाठीच.

आता कार्डाचं सांगायला हवं. मालकाच्या गोठ्यात गाईंच्या कानात पिवळे बिल्ले आहेत. गाय गव्हाणीपाशी आली की यंत्र तिला बिल्ल्यावरून ओळखतं आणि तिच्या वाटणीचं खाद्य पाडतं. खाऊन पुन्हा आली तर पाडत नाही. मालकाचा भाचा शहरातून शिकून आला, त्याला हे इतकं आवडलं की त्याने आमच्याही गळ्यात दोरीला चिमटा लावून एकेक कार्ड अडकवलं. फोटोसकट. कानात टोचलं नाही, हे उपकारच म्हणायचे.

पण खोटं कशाला बोला, कार्डाचा फायदाही होता. पूर्वी मुकादम हजेरी डोक्यात ठेवायचा, आणि त्याच्या डोक्यात आमचे भरलेले दिवस अर्धे व्हायचे. आता फाटकातून आत आलं की कार्ड लागतं, बाहेर पडलं की लागतं, दिवस म्हणजे दिवस. क्रेटलाही तसलेच कागद चिकटवलेले, त्यामुळे कुठला क्रेट कुठल्या गाडीत गेला तेही कळतं. एक बाई तर कार्ड पदराने पुसून ठेवायची. एकदा एकीने ते जेवणाच्या स्टीलच्या डब्यात टाकलं, तर फाटकाला ती आल्याचं कळेचना. मुकादम ओरडला, "कार्ड डब्यात घालू नका गं! धातूच्या आड गेलं की मशीनला दिसत नाही!" तेव्हा आम्ही हसून सोडून दिलं.

तर प्रश्न असा होता, की अक्का सात वेळा उठली हे मुकादमाला कळलं कसं? तो तर दिवसभर गाडीवाल्यांशी भांडत असतो. आम्ही सगळ्यांनी मिळून अक्कल पाजळली आणि ठरवलं, चुगली कुणीतरी करतंय. कोण? तर साळुंकी. साळुंकी म्हणजे आमची झाडूवाली. तिच्या तोंडाला दम म्हणून नाही, सकाळी सुरू झाली की संध्याकाळीच मिटते. त्यात तिचा झाडू असतो संडासाच्या आसपास. झालं, चोर सापडला. सगळ्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिने "काय गं, काय झालं?" म्हणून विचारलं तर एकीने तिच्याकडे पाठ केली. ती एकटीच क्रेटच्या थप्पीशी बसून जेवायला लागली. न बोलता जेवणारी साळुंकी बघवत नव्हती, पण आम्ही धीर धरून बघितली.

त्याच आठवड्यात माझं पोट बिघडलं. जेवताना कार्ड पुढ्यात लोंबतं म्हणून सगळ्या ती खिळ्याला टांगायच्या. मला घाई इतकी, की हाताला आलेली दोरी गळ्यात घातली आणि पळाले. परत आले तर मुकादम मोबाईल बघत पट्ट्यापाशी उभा.

"मावशी, आता हद्द झाली," तो अक्काला म्हणाला. "एवढा वेळ आत? झोपला होता का?"

अक्काच्या हातात भरलेला क्रेट होता. "अरे मुकादमा, हा तिसरा क्रेट देतेय तुझ्या हातात. मी हललेय का इथून?"

मुकादमाने अक्काकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं, पुन्हा अक्काकडे पाहिलं आणि मोबाईलवर विश्वास ठेवला.

"मशीन खोटं बोलत नाही मावशी. तुम्ही संडासात होता."

"मग हा क्रेट कुणी भरला? माझ्या भुताने?"

"ते मला माहीत नाही. इथं तुमचं नाव आलंय."

मी खाली मान घालून टोमॅटो निवडायला लागले, आणि मान खाली घातली म्हणूनच दिसलं. माझ्या छातीवर अक्काचा फोटो होता.

संडासाच्या दारावर काही दिवसांपूर्वी एक पांढरी पेटी बसवली होती. आम्हाला वाटलं होतं, वास घालवायची असेल. वास काही जात नव्हता, पण मालकाच्या किती वस्तू चालतात म्हणून ही चालेल? त्या दिवशी आम्ही नीट बघितलं. कार्ड घालून दारातून गेलं की पेटीत हिरवा ठिपका चमकायचा. साळुंकीला कार्ड नव्हतं, ती महिन्याच्या बोलीवर. ती झाडू घेऊन आत गेली, बाहेर आली, पेटी मख्ख.

मग साळुंकीची माफी मागायची वेळ आली. तिने ती सहज दिली नाही. इतके दिवस साठलेलं सगळं तिने एकदम बाहेर काढलं, आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शेवटी माझ्या डब्यातलं जेवण ओढून घेऊन खाल्लं. तेव्हा समेट झाला.

इकडे कार्डांची अदलाबदल झाल्याचं मुकादमाच्या लक्षात आलं. त्याने हुकूम काढला, जेवतानासुद्धा कार्ड गळ्यातून काढायचं नाही.

"आता गं?" मी म्हटलं.

"आता काय," अक्का म्हणाली, "त्यानेच नाही का सांगितलं? धातूच्या आड गेलं की दिसत नाही."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रीत बसवली. दोरी गळ्यात राहायची, त्यावर पदर. कार्ड चिमट्यातून काढून स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट, आणि डबा हातात घेऊन संडासाला. परत आलं की कार्ड चिमट्याला. पेटीचा ठिपका काही चमकायचा नाही. मुकादमाने दोन दिवस बघितलं आणि मग अक्काला अडवलं.

"मावशी, संडासाला डबा कशाला?"

"अरे, आमचा जन्म गेला डबा घेऊन जाण्यात. तुझी आईसुद्धा जायची. विचार तिला."

मुकादम कानापर्यंत लाल झाला आणि गाडीवाल्याला शिव्या द्यायला निघून गेला.

अक्का पाणी प्यायला लागली. तोंडावर जरा तजेला आला, आवाज परत आला, आणि त्या आवाजाने ती पहिल्यांदा मला म्हणाली, की माझ्या हाताला टोमॅटोची पारख नाही. मला बरं वाटलं.

पण सुख टोचल्याशिवाय राहत नाही. पंधरवड्याने मालक आले, मागे भाचा, त्याच्या हातात उघडलेला लॅपटॉप. पट्टा चालू होता. आम्ही हात चालवत कान दिले.

"बघा मामा," भाचा म्हणाला, "आधी किती वेळ वाया जात होता आणि आता बघा. शून्य. अख्ख्या शेडमध्ये एक बाई उठत नाही."

"एकही नाही?" मालक म्हणाले.

"एकही नाही. शिस्त लागली."

मालक आमच्याकडे कौतुकाने बघत राहिले. मग त्यांचा हिशेबी डोळा संडासाच्या दाराकडे गेला. "म्हणजे वापरच नाही म्हण की. मग एवढी जागा अडवून ठेवायची कशाला? मुकादम, भांडं उखडून टाका. रिकामे क्रेट ठेवू तिथं. आजच कुलूप घाला, उद्या गवंडी बोलवा."

शेडला संडास तेवढा एकच. मागे उघडा माळ, आडोशाला झुडूपसुद्धा नाही.

बोलावं तर डब्याचं बिंग फुटतं, आणि मशीनला फसवलं म्हणून सगळ्याच घरी. न बोलावं तर कुलूप. मुकादम कुलूप आणायला गेला आणि घेऊन आलासुद्धा. मी अक्काकडे पाहिलं. तिने हातातला टोमॅटो खाली ठेवला, पदराला हात पुसले.

"अक्का, नका," मी हळूच म्हटलं. "तुमचं काम जाईल."

"गप बस."

ती मालकांसमोर जाऊन उभी राहिली. "मालक, मी जाते संडासाला. दिवसातून सात-आठ वेळा जाते. मला साखर आहे."

सगळ्या गावापासून जे दडवलं होतं, ते तिने असं सांगितलं जणू टोमॅटोचा भाव सांगतेय.

भाचा लॅपटॉपवर वाकला. "पण मावशी, इथं तर तुमचं एकदाही..."

"ते तुझं यंत्र म्हणतंय. माझं मूत वेगळंच म्हणतंय. दोघांत खरं कोण, ते बघायचं असेल तर बघ." तिने कार्ड हातात घेऊन सगळ्यांना दिसेल असं छातीवर सरळ केलं. "मला आत्ता लागलीये. मी चालले."

आणि ती गेली. पेटीत हिरवा ठिपका चमकला. मुकादमाच्या खिशातला मोबाईल टिंग वाजला.

एक सांगते, त्या बाईला तिथं एकटीला उभं ठेवणं माझ्याच्याने झालंच नसतं. मी पट्टा सोडला आणि दारापाशी जाऊन रांगेत उभी राहिले. माझ्यामागे दुसरी आली, तिच्यामागे तिसरी. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. साळुंकीला कार्ड नव्हतं, तीही झाडू घेऊन उभी राहिली.

पट्टा बिचारा चालूच होता. निवडायला कुणी नाही म्हटल्यावर टोमॅटो आपले ओळीने पुढे सरकत होते आणि टोकाला पोचले की फरशीवर पडत होते. पहिला पडला तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं. पुढच्यांकडे कुणी बघितलं नाही.

"अरे बंद कर ते!" मालक ओरडले.

भाच्याने लॅपटॉप क्रेटवर ठेवला आणि एक बटण दाबलं. पट्टा दुप्पट जोरात पळायला लागला.

"मुकादम! मुकादम कुठाय?"

मुकादम रांगेत होता, सगळ्यात शेवटी. कुलूप हातात होतं. कार्ड त्याच्याही गळ्यात, आणि पेटी आल्यापासून तोही बिचारा माळावर लांब लांब चालत जात होता, हे साळुंकीने आम्हाला मागाहून सांगितलं. चुगली करायची तिची तीच पहिली वेळ.

"इथं काय करतोस?" मालकांनी विचारलं.

"नंबर लावलाय मालक," मुकादम म्हणाला. "नंबर सोडला तर पुन्हा मागून यावं लागेल."

मालकांनी रांगेकडे पाहिलं. फरशीवर लाल चिखल वाढत होता, बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. एवढ्यात दार उघडलं आणि अक्का सावकाश बाहेर आली. पुन्हा एकदा टिंग वाजलं. मालक दोन पावलं पुढे झाले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, मिटवू हे. बोला, काय पाहिजे तुम्हाला?"

मला वाटलं, ही आता मागणी करेल. पेटी काढा म्हणेल, कामावरून काढू नका म्हणेल. मीच मनातल्या मनात चार मागण्या जुळवून ठेवल्या होत्या. त्या घटकेला मला माझ्या जावेचा फार अभिमान वाटला. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर डोक्यावर बसेल.

अक्का मालकांना वळसा घालून पुढे आली, पट्ट्यापाशी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि पळते टोमॅटो दोन्ही हातांनी क्रेटमध्ये ओढायला लागली.

"मला काही नको मालक," ती म्हणाली. "माझं झालं. आता ह्या सगळ्यांचं होऊ द्या."