आटा धरत नाही

१

बोल्ट आधी उलटा फिरवायचा.

हे मोतीराम मिस्त्रीनं कुणाला शिकवलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. बोल्ट भोकावर टेकवायचा आणि चिमटीत धरून डावीकडे हलकेच फिरवायचा. बोल्टाचा आटा, म्हणजे त्याच्या अंगावरचा पेच, आणि भोकाचा आटा तोंडाशी तोंड आले की बोल्ट केसभर खाली बसतो. टक्. कानाला ऐकू येत नाही, बोटांना येतं. मग उजवीकडे. जिथवर बोटांनी जातो तिथवर बोटांनीच, पाना अगदी शेवटी. असं केलं की बोल्ट वाकडा चढत नाही. अमरावतीत बडनेरा रोडवर खुशालरावांचं गॅरेज होतं. तिथं मोतीरामची अर्धी हयात गेली, पण त्याच्या हातून एकाही भोकाचे आटे गेले नव्हते.

त्या दिवशी गेले.

गाडी भगवंतराव वकिलांची, फियाट. पाणी गळत होतं. इंजिनच्या डोक्यावर, जिथून तापलेलं पाणी रेडिएटरकडे जातं, तिथल्या नळीखालचं पॅकिंग कुजलं होतं. पॅकिंग बदलायचं आणि तीन बोल्ट परत कसायचे, एवढंच. वकीलसाहेब सहकुटुंब चिखलदऱ्याला निघणार होते. दोन बोल्ट बसले. तिसरा बोटांनी थोडा गेला आणि अडला. मोतीरामनं पाना लावला. आणखी थोडा गेला, जड गेला. त्यानं जोर दिला, आणि बोल्ट एकदम हलका झाला.

त्यानं तो बाहेर काढला. बोल्टाच्या अंगाला ॲल्युमिनियमची चकचकीत तार वेटोळं घालून बसली होती. भोकाचे आटे होते ते.

त्यानं ती तार चिमटीत धरली. म्हणजे धरलेली दिसली. बोटांना तिचा पत्ता नव्हता.

२

उजव्या हाताच्या करंगळीपासून सुरुवात झाली. थंडीत करंगळी झोपली ती उठलीच नाही. मग शेजारचं बोट, मग त्याच्या शेजारचं. उन्हाळा लागेपर्यंत ते अंगठ्यापाशी आलं. कोपराच्या वर रुपयाएवढा फिका डाग होता. वैशाखात सगळं अंग निथळायचं आणि तेवढा डाग कोरडा. मोतीराम भर उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लागला.

नाव त्याला ठाऊक होतं. त्याचा मामा पुंजाजी त्याच नावानं गेला. रिद्धपूरकडचं गाव. महारवाडा गावाच्या बाहेर, आणि मामाची झोपडी महारवाड्याच्या बाहेर. भाकर दगडावर ठेवायची आणि मागं सरकायचं, मग मामा पुढं यायचा. ज्यांना गाव शिवत नव्हतं, ती माणसंही मामाला शिवत नव्हती.

छप्पन साली मोतीराम नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन परत आला. त्याआधी गॅरेजातला लेथवाला देवमन, कुणब्याचा, आपला तांब्या उंच खिळ्याला टांगून ठेवायचा. पुढं तो तांब्या खाली आला. मग एके दिवशी देवमननं मोतीरामच्या डब्यात बोट घातलं आणि म्हणाला, "वयनीच्या हातचा ठेचा लय साजरा हाये बे." कायद्यानं झालं नसेल, ठेच्यानं झालं. पण झालं. आता दोघं दुपारी एका कागदावर भाकरी सोडून बसत.

घरी पाठदुखीचं निमित्त सांगून मोतीराम डॉक्टरसाठी अकोल्याला एकदा जाऊन आला होता. अमरावतीत ओळखी फार, आणि अमरावतीबाहेर महारोग्यांची वसाहत सगळ्यांना माहीत, तिकडच्या रस्त्यानं नुसतं चाललं तरी माणसं मागं वळून पाहतात. अकोल्यात कोण ओळखणार? मोटार स्टँडवर उतरला तर समोर एक टॅक्सी बॉनेट उघडून उभी, ड्रायव्हर डोकं धरून बसलेला. मोतीरामनं ती सुरू करून दिली. संध्याकाळ झाली. परतीच्या मोटारीत बसला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, डॉक्टर गावाला गेला होता.

३

बोल्ट फिरला, पण धरला नाही.

"पहिलेच कोन्या गधड्यानं जोर लावला होता, भाऊ," मोतीरामनं खुशालरावांना सांगितलं.

खुशालराव मालक. तोंडात पान, बोलणं पानाच्या बाजूनं. "कोनं लावला? वकीलसाहेब तं म्हनते, तुह्याशिवाय गाडी कोनाच्या हाती देत नाई."

"डायवरनं लावला असन."

"त्याचा डायवर? त्याले बाटलीचं बूच काढता येत नाई बे." खुशालराव हसले. "जाऊ दे. बुश मार. परवा सकाळी गाडी पायजे. घाटात पानी सांडलं तं वकीलसाहेब माह्यावरच केस ठोकन."

३

बोल्ट फिरला, पण धरला नाही.

"धातू नरम असते व त्या गाडीची," मोतीरामनं पंचफुलाला सांगितलं.

पंचफुला भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "धातू नरम हाये का बोटं?"

त्यानं उजवा हात मांडीखाली घेतला.

"सदऱ्याच्या गुंड्या डाव्या हातानं लावून राहिले तुमी. म्या पाहिलं नाई काय? मांगच्या मयन्यापासून पाहून राहिली मी."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी बोलसान म्हनून." तिनं भाकर तव्यावर टाकली. "अकोल्याले परत चाला. या खेपी मी येतो संगं. डॉक्टर गावाले गेला असन तं तो येईलोक बसू दारात."

"बरं होते म्हनते लोक आजकाल. गोळ्या हायेत. पन लाइनीत उभं रावं लागते व. लाइनीतला मानूस कोनाले दिसत नाई काय?"

"दिसू द्या."

"दिसू द्या म्हनते. एकदा दिसला का झालं. पोटाचं काय करतं मंग?"

पंचफुला तव्यावरची भाकर उलटायची विसरली. मग हळू म्हणाली, "हे बाहेर बसवनं, लांबून भाकर फेकनं... हे सगळं टाकून आलो ना आपुन नागपूरले?"

"ते दुसऱ्यानं लावलं होतं," मोतीराम म्हणाला. "टाकता आलं. हे अंगातून आलं."

भाकर करपली. दोघांनी ती तशीच खाल्ली.

३

बोल्ट फिरला, पण धरला नाही.

ड्रायव्हरनं काही केलं नव्हतं. धातूही गेली कित्येक वर्षं तेवढाच नरम होता. मोतीरामनं बोल्ट उलटा फिरवला होता, सवयीनं. टक् झालं असेल किंवा नसेल. त्याला कळलं नाही, आणि झालं असेल असं धरून त्यानं तो उजवीकडे फिरवला. वाकडा चढला. अडला तेव्हा बोटांनी ओरडायला हवं होतं. बोटं मुकी होती.

हे त्यानं फक्त स्वतःला सांगितलं. सांगून झाल्यावर एक विचार आला आणि तो अंथरुणावर उठून बसला. हे भोक कळलं, कारण बोल्ट एकदम हलका झाला. पण थंडीपासून त्यानं कसलेले बाकीचे बोल्ट? दर्यापूरच्या ट्रकचे ब्रेक त्यानं केले होते. मेळघाटात जाणाऱ्या एका जीपचं स्टिअरिंग. परतवाड्याची एक टॅक्सी. ते सगळे बोल्ट त्यानं 'झालं असेल' म्हणून कसले होते, आणि ते या घडीला वऱ्हाडभर फिरत होते.

४

भोक आधी मोठं करायचं. ड्रिलला ग्रीस फासायचं, म्हणजे चुरा आत न पडता ग्रीसला चिकटतो. मग भोकात टॅप उतरवून नवे, मोठे आटे पाडायचे. घासलेटचा थेंब सोडायचा. अर्धा फेरा पुढं, पाव मागं. अर्धा पुढं, पाव मागं.

टॅप सरळ उभा आहे की नाही हे मोतीरामला पूर्वी मनगट सांगायचं. आज त्यानं काटकोन पाहायचा गुण्या आणून टॅपला लावला.

"काय बे, सुतार झाला काय?" देवमन लेथवरून ओरडला. "रंधा बी देऊ का?"

"वकिलाची गाडी हाये. मापात पायजे."

"अन आजवर काय बिनमापाचं करत होता?"

देवमन पितळेच्या कांबीवर बुश काढत होता. बुश म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान पोकळ नळी. तिला बाहेरून मोठे आटे, ते नव्या भोकात बसतात, आणि आतून जुन्या बोल्टाचे. भोक बिघडलं तरी बोल्ट तोच राहतो. देवमननं बुश कांबीपासून कापला. तो खाली पडणार तोच मोतीरामनं उजव्या तळहातावर झेलला, आणि एक डोळा मिटून, उजेडाकडे धरून, आतून नीट पाहिला.

देवमन सांडशी हातात घेऊन उभा होता.

"मोतीराम."

"आटे साजरे आले."

"मोतीराम, गरम हाये ना तो."

तेव्हा त्यानं बुश टाकला. उशिरा टाकला. मग हात झटकला, फुंकर मारली, तेही उशिरा. तळहातावर पांढरी गोल खूण उठली होती, तिच्याकडे तो दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं तसा पाहत होता.

"मिस्त्रीचा हात हाये," तो म्हणाला. "जोड्याचं कातडं झालं त्याचं."

देवमन एरवी हसला असता. त्यानं मोतीरामच्या तळहाताकडे पाहिलं. मग मनगटाकडे, मनगटावर लावलेल्या गुंडीकडे. बाहेर ऊन एवढं होतं, की देवमन स्वतः बंडीवर होता. त्यानं सांडशीनं बुश उचलला, पाण्यात बुडवला आणि बाकड्यावर ठेवला. हातात दिला नाही.

५

बुश बसला. वर राहिलेली पितळेची कड मोतीरामनं कानशीनं घासून सपाट केली. नवं पॅकिंग, त्यावर नळी, दोन बोल्ट. तिसरा त्यानं डाव्या हातात घेतला. डाव्या हाताला अजून कळत होतं. उलटा फिरवला. टक्.

तो क्षणभर तसाच वाकून राहिला. मग बोल्ट बोटांनी जाईल तिथवर नेला.

राहिला पाना. इथं अंदाज लागतो. कमी कसला तर पाणी गळतं, जास्त कसला तर बुशासकट सगळं उपटून येतं, आणि मग तिथं लावायला धातूच उरत नाही. तो अंदाज आयुष्यभर उजव्या हातात साठला होता. डाव्या हातात तो नव्हता, आणि उजवा हात आता काहीच सांगत नव्हता. पाना बोल्टाला लावून मोतीराम उभा राहिला. परत काढला.

"देवमन, तू कस."

त्यानं पाना पुढं केला.

देवमन जवळ आला. पान्याकडे पाहिलं. मग वळून भिंतीपाशी गेला आणि तिथल्या खिळ्यावरून त्याच मापाचा दुसरा पाना काढून आणला. बोल्टाला लावला, श्वास धरून कसला, थांबला, आणखी जरासा कसला, सोडला. मोतीरामचा हात अजून पुढं केलेलाच होता.

"जातीचं नाई हे, मोतीराम. तू म्हनशीन जातीचं हाये."

"मले मालूम हाये."

"तुह्या डब्यातलं खाल्लं म्या."

"मालूम हाये."

"तेच याद येऊन राहिलं मले आता," देवमन म्हणाला, आणि त्याचा चेहरा रडवेला झाला. "घरी लेकरं हायेत रे माह्या."

जातीचं असतं तर मोतीराम भांडला असता. त्याच्या वस्तीतून, भीमनगरातून, माणसं आली असती, गॅरेजसमोर उभी राहिली असती, खुशालरावांना बाहेर यावं लागलं असतं. यासाठी कोण येणार होतं? त्याच्या वस्तीतली माणसंसुद्धा मामाच्या दगडापासून मागं सरकलेल्या माणसांचीच लेकरं होती. तो स्वतःही भाकर ठेवून मागं सरकला होता.

"मी भाऊले सांगत नाई," देवमन म्हणाला. "तूच सांग. पन सांग."

६

गाडी सुरू केली, तापू दिली. थेंब गळला नाही. वकीलसाहेबांच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि ती फाटकातून निघून गेली.

मोतीराम खुशालरावांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. ड्रायव्हरचा दोष नव्हता इथपासून सांगितलं. ट्रकचं सांगितलं, जीपचं सांगितलं. त्या गाड्या परत बोलावून पाहायला हव्यात म्हणाला.

खुशालरावांचं पान गालात थांबलं. "डॉक्टरनं सांगतलं काय?"

"नाई. पन मले मालूम हाये."

"अरे, मंग काय! आजकाल बरं होते ते. माह्या साळ्याच्या गावातला एक झाला बरा." खुशालराव खरोखरच कळवळून बोलत होते. बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा पानाचा डबा आपल्या बाजूला ओढून घेतला. ओढला हे त्यांनाही कळलं नसावं. "बरा हो, मंग ये. जागा तुहीच हाये. गाड्याचं मी पाहतो. कोनाले सांगत नाई मी, तू फिकीर करू नको."

"बरं, भाऊ."

"अन हे पाय, तुह्या फळीवरचे पाने घेऊन जा. सगळे. टॅपचा डबा बी घे, हातोडी, कानशी. आता कोन..." ते थांबले. "म्हनजे, तुले कामी पडतीन."

देवमननं एक रिकामं पोतं आणून फळीजवळ ठेवलं आणि तो लेथकडे गेला.

पोतं भारी झालं. मोतीरामनं ते डाव्या खांद्यावर घेतलं. भीमनगरात शिरताना विहाराच्या ओट्यावर जानराव मास्तर बसले होते. पोत्यातला खणखणाट ऐकून त्यांनी हाक मारली, "काय मिस्त्री, सोताचं ग्यारेज टाकून राहिले काय?"

"हो," मोतीराम म्हणाला.

"वा रे वा! कुठीसा?"

"पाहून राहिलो."

"आमच्यातला पहिला मालक! पेढे पायजेत बरं," मास्तर म्हणाले आणि उठून हस्तांदोलनाला हात पुढं केला. मोतीरामनं पोतं दोन्ही हातांनी धरल्यासारखं केलं, हसला आणि पुढं गेला.

दारात पंचफुला तांदूळ निवडत बसली होती. त्यानं पोतं खाली ठेवलं. तिनं पोत्याचं तोंड उघडून आत पाहिलं.

"कोनाचे हे?"

"माहे."

"भाऊनं देल्ले?"

"हो."

तिनं एक पाना अर्धा वर काढला, परत आत सोडला.

"सगळे?"

"सगळे."

पंचफुलानं पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. गाठ सैल वाटली म्हणून सोडली आणि पुन्हा बांधली.